दप्तरात सिगारेट सापडते तेव्हा: शिक्षकांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

माध्यमिक शाळेत एखाद्या विद्यार्थ्याच्या दप्तरात सिगारेट, बिडी किंवा तंबाखूची पुडी सापडली, की पुढचे बहुतेक ठिकाणी ठरलेले असते. वर्गासमोर झडती होते, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर त्याला उभे केले जाते, ‘उद्या वडिलांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसायचे नाही’ अशी ताकीद मिळते आणि प्रकरण वाढले तर दाखला हातात देण्याची धमकी दिली जाते. ज्या मुलाला घरी मायेने वागवले जाते, त्याच्या बाबतीत हे सारे फार तर निष्फळ ठरते. ज्याला घरी मार, अपमान किंवा त्याहून भयंकर काही सोसावे लागते, त्याला मात्र यातून थेट इजा पोहोचू शकते. आणि लहान वयात तंबाखूकडे वळणाऱ्यांमध्ये अशा मुलांचे प्रमाण अधिक असते. म्हणून या मार्गदर्शनाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: मूल सुरक्षित आहे का हे आधी पाहावे आणि सवयीचा विचार त्यानंतर करावा. वर्गशिक्षक, पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी शिकवणीचे शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक किंवा मुलाचा विश्वास असलेले नातेवाईक यांनाही ते उपयोगी पडेल.

हा संबंध नेमका काय आहे

या विषयातील एक मूलभूत अभ्यास अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाला. कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील डॉ. रॉबर्ट अँडा व त्यांचे सहकारी यांनी वैद्यकीय तपासणीसाठी आलेल्या प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मानसिक छळ, मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, आईवडिलांचे विभक्त होणे, घरात व्यसनाधीन व्यक्ती असणे, मानसिक आजार असलेली व्यक्ती असणे आणि तुरुंगवास भोगलेली व्यक्ती असणे असे आठ प्रकारचे अनुभव त्यांनी मोजले. धूम्रपानाविषयीचा त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ९,२१५ जणांची माहिती होती. या आठपैकी पाच किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांची तुलना असा एकही अनुभव नसलेल्यांशी केली असता, चौदाव्या वर्षापर्यंत धूम्रपान सुरू झालेले असण्याचे शक्यता-गुणोत्तर (एका गटातील शक्यता दुसऱ्याच्या किती पट आहे हे दाखवणारा आकडा) ५.४ इतके निघाले. अभ्यासाच्या वेळी धूम्रपान चालू असण्याबाबत हेच गुणोत्तर २.१ होते. या दोन आकड्यांमधील तफावत शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावी, कारण तिचा अर्थ असा होतो की बालपणीच्या छळाचा आणि सिगारेटचा संबंध सर्वांत घट्ट असतो तो मूल शाळेच्या बाकावर बसलेले असते त्याच वयात.

संबंध आहे म्हणजे तेच कारण आहे असे मात्र होत नाही. हा अभ्यास प्रौढांच्या आठवणींवर आधारलेला होता, आणि ज्या घरात मारहाण असते त्याच घरात पुष्कळदा वडिलांची बिडी, पैशांची चणचण, अपुरी जागा आणि सतत बदलणारा पत्ताही असतो. या सगळ्याचे धागे पूर्णपणे सुटे करणे अवघड असते. व्यवहारात यातून दोन चुका होतात. सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी काहीतरी घडत असणारच असे धरून चालणे ही पहिली. केवळ कुतूहलापोटी, मित्रांच्या आग्रहाखातर किंवा मोठे झाल्यासारखे वाटावे म्हणून सुरुवात करणारी मुलेही पुष्कळ असतात. दुसरी चूक अधिक क्रूर आहे: छळ सोसलेल्या मुलाकडे ‘हा आता बिघडणारच’ अशा नजरेने पाहणे. असे अनुभव येऊनही कधीच तंबाखूला हात न लावणारी मुले आपल्या वर्गात असतात आणि त्यांच्याविषयी असा ग्रह करून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मुळात असे का घडत असावे, हे समजले तर पुढची पावले सोपी जातात. घरी केव्हा काय होईल याचा नेम नसलेले मूल सतत सावध राहते. ताणाला तोंड देणारी शरीरातील यंत्रणा त्याच्या बाबतीत जणू विश्रांतीच घेत नाही, झोप तुटते आणि लक्ष लागत नाही. धुरातून घेतलेले निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवते, त्यामुळे या मुलाला क्षणभर का होईना, सुटल्यासारखे वाटते. मोह आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे किशोरवयात ही ओढ लवकर जडते. पुढे काही तासांत निकोटिनचा अंमल उतरला की अस्वस्थता, चिडचिड आणि धडधड सुरू होते. मुलाला ती घरच्या भीतीसारखीच भासते आणि ती शमवायला ते पुन्हा सिगारेटच शोधते. दुर्लक्ष हाही छळाचाच एक प्रकार आहे आणि तो दिसत नाही म्हणून जास्त फसवा आहे: मूल कुठे आहे, काय खाते, कोणाबरोबर फिरते याची विचारपूस करणारे कोणी नसले की टपरीवरची मंडळीच त्याची माणसे होतात. वडिलांसाठी किंवा काकांसाठी बिडीचे बंडल आणायला धाडले जाणे, हीसुद्धा आपल्याकडील अनेक मुलांची तंबाखूशी पहिली ओळख असते.

भारतातील चित्र गंभीर आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ बालकांच्या अभ्यासात दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले होते आणि निम्म्याहून अधिक बालकांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे नोंदवले होते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीनुसार देशातील १३ ते १५ वर्षे वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत होते. पहिली सिगारेट ओढण्याचे मध्यक वय (ज्या वयाच्या आत निम्म्यांनी सुरुवात केलेली असते ते) ११.५ वर्षे, बिडीचे १०.५ वर्षे आणि धूरविरहित तंबाखूचे ९.९ वर्षे होते. या दोन वेगवेगळ्या पाहण्या असल्याने त्या जोडून परस्परसंबंधाचा निष्कर्ष काढता येत नाही, परंतु चौकशी नववी-दहावीत सुरू करणे म्हणजे फार उशीर करणे होय, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते. महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले होते. म्हणून खाली सिगारेटविषयी जे सांगितले आहे, ते मळलेल्या तंबाखूला, मिश्रीला आणि चोरून विकल्या जाणाऱ्या गुटख्यालाही तितकेच लागू आहे.

पहिली दहा मिनिटे

वस्तू सापडली की ती शांतपणे ताब्यात घ्यावी आणि वर्गासमोर एकही शब्द बोलू नये. अंगझडती घेऊ नये, मोबाइलवर चित्रीकरण करू नये आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाचे नाव टाकू नये. हात तर मुळीच उगारू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, घरी मार खाणाऱ्या मुलाला शाळेतही मारणे म्हणजे त्याची उरलीसुरली सुरक्षित जागा काढून घेणे होय. बोलण्यासाठी अशी जागा निवडावी जिथे दोघे इतरांना दिसतील, पण बोलणे ऐकू जाणार नाही. मुलाला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि आपणही बसावे. विद्यार्थिनी असेल तर तिला कोणाशी बोलणे सोयीचे वाटेल, हे तिलाच विचारावे.

समजा, नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर वर्गात आला तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता आणि कंपासपेटीत काडेपेटी व दोन सुट्या सिगारेटी होत्या. आपल्या तोंडी सहज येणारा प्रश्न म्हणजे ‘कोणी शिकवलं हे तुला?’ त्याचे उत्तर एखाद्या मित्राचे नाव असते किंवा मौन असते, आणि दोन्हींचा उपयोग नसतो. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘मी तुला शिक्षा करायला बोलावलेलं नाही. मला आधी समजून घ्यायचंय. दिवसात कोणत्या वेळी ओढावीशी वाटते?’ मुलगा ‘शाळा सुटल्यावर, घरी जायच्या आधी’ असे म्हणाला, तर त्याने बरेच काही सांगितलेले असते. मग ‘घरी जायच्या आधी कसं वाटत असतं?’ एवढेच विचारून थांबावे. या थांबण्यात शिक्षकांची खरी कसोटी असते, कारण शांतता भरून काढण्यासाठी उपदेश सुरू करण्याचा मोह फार मोठा असतो.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते संपूर्ण संभाषणातला सर्वांत महत्त्वाचा आहे: ‘हे घरी कळलं तर काय होईल?’ पुष्कळ मुले ‘बाबा मारून टाकतील’ असे म्हणतील आणि अनेकदा तो नुसता बोलण्याचा प्रकार असेल. पण तसे गृहीत न धरता ‘याआधी तुझं काही चुकलं होतं, तेव्हा काय झालं होतं?’ असे विचारावे. एखादा मुलगा सांगेल की आठ दिवस मोबाइल काढून घेतला होता. दुसरा शर्टाची बाही खाली ओढत गप्प बसेल. तिसरा म्हणेल, ‘सर, आईला नका सांगू, तिलाच मार बसेल.’ हे तिसरे वाक्य म्हणजे घरातल्या हिंसेची उघड माहिती आहे आणि ते ऐकल्यानंतर सिगारेटचा विषय त्या दिवसापुरता मागे ठेवावा.

या उत्तरांबरोबरच गेल्या काही महिन्यांत मुलात झालेला बदल आठवून पाहावा. शाळा सुटल्यावर निष्कारण रेंगाळणे, सुट्टी जवळ आली की अस्वस्थ होणे, वर्गात झोप लागणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, जखमांची दरवेळी वेगळी कारणे सांगणे, कोणी अचानक हात वर केला की दचकून मागे सरणे, धाकट्या भावंडाला एकटे घरी सोडायला तयार नसणे, ठरावीक नातेवाइकाचे नाव निघताच गप्प होणे. यांतील एकही गोष्ट पुरावा नव्हे आणि काहींची कारणे अगदी साधी असू शकतात, परंतु दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर शाळेच्या समुपदेशकांशी त्याच दिवशी बोलावे.

मुलाने काही सांगितले तर

‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडले की मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलेला विश्वासही जातो. त्याऐवजी म्हणावे: ‘तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. जे झालं त्यात तुझी चूक नाही. हे मी गावभर करणार नाही, पण तू सुरक्षित राहावंस म्हणून ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांना सांगेन, आणि त्याआधी तुला तसं सांगेन.’ तपशील खोदून विचारू नयेत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये आणि जखमा पाहण्यासाठी कपडे काढायला लावू नयेत. मुलाचे शब्द जसेच्या तसे, दिनांक आणि वेळेसह लिहून ठेवावेत व तो कागद कुलूपबंद जागी ठेवावा. खरे-खोटे ठरवणे हे शिक्षकांचे काम नाही.

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका आली, तर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण संस्थेतच मिटवणे हा गुन्हा आहे, हे संस्थाचालकांना स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली तर सांगावे. मुलाला पोलिसांचे नाव काढताच धडकी भरते, म्हणून कायद्यातील तरतुदी त्याला सोप्या शब्दांत समजावून द्याव्यात: जबाब त्याच्या घरी, त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी किंवा त्याने सांगितलेल्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी तो घेतात, त्या वेळी त्या गणवेशात नसतात आणि मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही.

मारहाण, उपासमार, सततचा अपमान किंवा दुर्लक्ष अशा बाबतीत १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती यांच्याकडे जाता येते. तातडीचा धोका असेल तर ११२ वर दूरध्वनी करावा. मदत मागितली की मुलाला लगेच घरापासून तोडतील, ही भीती शिक्षकांनाही असते. परंतु बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलाला कुटुंबातच ठेवण्याला प्राधान्य दिलेले असून संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानलेला आहे.

मुलाने काहीच सांगितले नाही, तरी संभाषण वाया गेलेले नसते. ‘कधीही बोलावंसं वाटलं तर मी आहे’ असे सांगून आठवड्याभराने पुन्हा सहज विचारपूस करावी. पहिल्याच दिवशी सारे सांगणारी मुले विरळा असतात.

पालकांना कधी बोलवावे

सुरक्षिततेविषयी शंका उरलेली नसेल, तेव्हाच बोलवावे आणि मुलाला आधी विचारून बोलवावे: ‘घरातल्या कोणाला सांगितलं तर तुला बरं वाटेल?’ ते आजी, मामा किंवा मोठी बहीणही असू शकेल. दूरध्वनीवर सिगारेटचा उल्लेख टाळावा आणि प्रत्यक्ष भेटीत मुलाच्या चांगल्या गुणांपासून सुरुवात करून मग विषय काढावा. मारहाण करणारी व्यक्ती पालकांपैकीच आहे असा संशय असेल, तर बालसंरक्षण यंत्रणेशी बोलण्याआधी त्या व्यक्तीला काहीही कळवू नये. सिगारेटचे निमित्त त्या दिवशी घरी पोहोचले, तर रात्री त्या मुलावर काय गुदरेल याची कल्पना शिक्षकांनी करून पाहावी.

सवय सोडवताना

ज्या मुलाला सिगारेट भीतीवरचा उतारा वाटते, त्याच्याकडून ती नुसती काढून घेतली तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून आधी त्याच्याबरोबर बसून तलफ कधी येते, त्याच्या आधी काय घडलेले असते आणि त्या वेळी तो कुठे असतो, हे आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर लिहून काढावे. ही वही घरी न नेता शाळेतच ठेवलेली बरी. घरी जाण्याच्या वेळेची तलफ असेल, तर तोच वेळ शाळेच्या मैदानावर, ग्रंथालयात किंवा एखाद्या शिक्षकांच्या सोबतीने जाईल अशी व्यवस्था करावी. प्रत्येक तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते, म्हणून त्या वेळी थोडे थांबणे, दीर्घ श्वास घेणे, घोट घोट पाणी पिणे आणि हाताला दुसरे काम देणे एवढे त्याच्याकडून करून घ्यावे. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे हे सारे काही आठवडे टिकू शकते, हे त्याला आधीच सांगावे. नाहीतर ‘सोडल्यावर मी आणखी वाईट झालो’ असा त्याचा समज होतो. याच काळात वर्गशिक्षकांनी इतर शिक्षकांना कारण न सांगता एवढेच सांगावे, की या मुलाला सध्या सांभाळून घ्या.

निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंग गम अठरा वर्षांखालील मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. ई-सिगारेट हा पर्याय मुळीच नाही. तिच्या विक्रीवर २०१९ पासून देशात बंदी आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मानसिक ताणाविषयी बोलण्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्येही समुपदेशन मिळते. जुन्या आघाताची लक्षणे, म्हणजे वारंवार पडणारी भयंकर स्वप्ने, स्वतःला इजा करणे किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे, दिसली तर तंबाखूचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे तातडीने न्यावे.

शिक्षा करायचीच असेल, तर ती विकणाऱ्याला व्हावी. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत त्याची विक्री करण्यास मनाई आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ मध्ये तर मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यासाठी सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्या सिगारेटींच्या विक्रीवरही बंदी आहे. मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार पोलिस ठाण्यात द्यावी आणि तिची पोच घ्यावी. मुलाला मात्र ‘टपरीवाल्याचे नाव सांग’ म्हणून साक्षीदार करू नये.

पुन्हा सिगारेट ओढली गेली, तर ती त्याच्या घरातल्या स्थितीची खबर समजून पहिल्या दिवसाइतक्याच शांतपणे ‘या आठवड्यात काय झालं?’ असे विचारावे. विशेषतः दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीकडे लक्ष द्यावे, कारण अशा मुलासाठी ते दिवस सर्वांत लांब असतात. सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधी त्याच्याशी बोलून तो कुठे असणार आहे, घरात त्याच्याबरोबर कोण असेल आणि अडचण आली तर कोणाकडे जाईल हे ठरवावे, १०९८ हा क्रमांक त्याच्याकडून पाठ करून घ्यावा आणि सुट्टीत निदान एकदा कोणत्या दिवशी कोण त्याची विचारपूस करणार, याची नोंद शाळेच्या समुपदेशन वहीत नावानिशी करून ठेवावी.